जावळाचं निमंत्रण

नगरजवळच्या केडगावच्या निकिताने ओमच्या जावळाची कार्डं घरीच बनवली होती. रद्दीचा लगदा, त्यात मेथीदाणे. वाचून झालं की कार्ड कुंडीत पेरायचं.

"दहाव्याच्या पत्रिकाबी कुटल्यास व्हय गं त्यात?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा "रद्दीच ती," म्हणत ती हसली.

खिडकीत पेरून पाहिलेल्या कार्डाची मेथी उजेड सोडून पाळण्याकडे वाकली. निकिताने पाळणा आतल्या खोलीत नेला. सकाळी मेथी मधल्या भिंतीकडे वाकलेली.

संगमनेरहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, आमची रोपं नगरकडंच वाकतात! गंमतच ना?"

निकिताने ओमला उचललं आणि माहेरी, घोडेगावला जाणारी एसटी पकडली.

तिकडेही एक कार्ड गेलंय, हे तिला दारात आठवलं.

आई कुंडी घेऊनच बाहेर आली. "अगं, एसटी थांबली तशी वळली बघ ही! आन की त्याला जवळ."