एक फोन

पारोळ्याच्या सुंदरबाई टुरिस्ट व्हिसावर लेकीकडे, अमेरिकेत आल्या होत्या. त्यांना कायमचं जवळ ठेवायला सारिकाने केलेला अर्ज अजून मंजूर व्हायचा होता.

"मला न विचारता आईचा अर्ज करतेस?" म्हणत दीपकने, जावयाने, सारिकाचं डोकं भिंतीवर आपटलं.

"मनी पोरले हात लावस?" सुंदरबाईंनी भाकरीचा तापलेला तवाच उचलून त्याच्या दंडावर हाणला.

"पाहुणी आहेस तू इथे! आता एक फोन, आणि अर्ज कायमचा रद्द!" ओरडतच त्याने पोलीस बोलावले.

पोलिसांनी सारिकाचं रक्ताळलेलं कपाळ पाहिलं. तिने बाह्या वर सारल्या. दंडांवर जुने काळेनिळे वळ होते. बेड्या दीपकला पडल्या.


जो फोन करायची सारिकाची सात वर्षं हिंमत झाली नव्हती, तो त्याने स्वतःच केला होता.