स्वीकारणारा : उत्तम

मोबाइलवर हिरव्या अक्षरांत 'पार्सल पोहोचवले' असं आलं होतं, आणि दारात पार्सलचा पत्ता नव्हता. सुगंधाने पायपुसणं उचलून पाहिलं, चपलांच्या रॅकमागे हात घातला, समोरच्या शेजारणीची बेल वाजवली. मग लिफ्टने खाली गेली. "अम्मा, कोई डिब्बा नहीं आया," वॉचमन म्हणाला. वर येऊन तिने मोबाइल परागच्या, आपल्या मुलाच्या, लॅपटॉपवरच नेऊन ठेवला.

परागने मोठ्याने वाचलं, "वेळ अकरा चाळीस. स्वीकारणारा : उत्तम. स्वतः."

उत्तम म्हणजे त्याचे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"अगं, खातं बाबांच्या नावावर आहे ना," पराग म्हणाला. "डिलिव्हरीवाले घाईत असतात. भलत्याच दारात टाकतात आणि 'स्वतः घेतलं' दाबून मोकळे होतात."

त्याचं म्हणणं खरं होतं. नवऱ्याचा नंबर सुगंधाने बंद करू दिला नव्हता आणि त्याच मोबाइलवरून, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या बोटाने तिने काही मागवलं होतं. पांढरे, मऊ तळव्यांचे, चालायचे बूट.

उत्तमची अर्धी उमर भाईंदरच्या मिठागरात अनवाणी गेली होती. पुढे जेसल पार्कात हा फ्लॅट झाला आणि तो संध्याकाळी खाडीच्या कडेला फिरायला जाऊ लागला. तिथे लोकांच्या पायांतले बूट बघून एकदा घरी येऊन म्हणाला, "मला पन घ्यावा का गं एक जोड?" सुगंधा तांदूळ निवडत होती. "आता म्हातारपनी कोनाच्या वरातीत नाचायचं हाय?" असं म्हणून ती हसली. तोही हसला. पुन्हा त्याने कधी विषय काढला नाही, आणि त्याच थंडीत तो गेला. ते आपलं हसणं तिला दोन वर्षं खात होतं.

उद्या त्याची भाद्रपदातली तिथी होती. त्या दिवशी गेलेल्याच्या नावाने ओळखीतल्या कुणाला तरी पाटावर बसवायचं, त्याच्या आवडीचं रांधून पोटभर वाढायचं आणि राहून गेलेली एखादी वस्तू हातावर ठेवायची. जेवतो पाटावरचा, पोचतं गेलेल्याला. मिठागरातला त्याचा जोडीदार जानू उद्या पितर म्हणून बसणार होता. बूट त्याच्या हातावर ठेवायचे होते. सुगंधाला दुसरं काही नको होतं. बूट उत्तमला पोचावेत, बस.

"तक्रार केली की दुसरा जोड पाठवतात," पराग म्हणाला. "उद्यापर्यंत नाही येणार, पण येईल. थांब, लावून देतो." त्याने कंपनीचा नंबर लावला आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

पलीकडे गाणं वाजत राहिलं. सुगंधा खिडकीशी बसली. खाडीला भरती होती आणि उन्हाने सगळं पाणी पांढरं झालं होतं. बघता बघता तिचे डोळे जड झाले. अकरा चाळीस. तेव्हा ती मिक्सरवर वाटण करत होती, बेल ऐकूच आली नसती. लिफ्टचं दार उघडलं असेल. डिलिव्हरीवाल्याने नाव विचारलं असेल. "मीच उत्तम," असं म्हणून त्याने खोका दोन्ही हातांनी घेतला असेल, जिन्याच्या पायरीवर बसला असेल. नाडी बांधायला काही त्याला जमलं नसेल. बांधली, सुटली, पुन्हा बांधली. सुगंधाला इतकं बरं वाटलं, की परागने पाहू नये म्हणून तिने तोंड फिरवलं.

"मॅडम, आहात का?" पलीकडे मुलगी होती. "पार्सल उत्तम सरांनी घेतल्याची नोंद दिसतेय. तुम्ही घरात सरांना एकदा विचारता का? बऱ्याचदा काय होतं, पुरुष मंडळी घेऊन ठेवतात आणि सांगायचं विसरतात."

"व्हय, तेवढी खोड हाय त्यांना," सुगंधा म्हणाली.

"आई, सांग ना तिला," पराग कुजबुजला.

"मग तक्रार घेऊ का, मॅडम? 'उत्तम यांना पार्सल मिळालेलं नाही' असं लिहावं लागेल. लिहू?"

दुसरा जोड हवा असेल, तर एवढं एकच वाक्य पुरेसं होतं. आणि दोन वर्षं सुगंधा मनात हेच वाक्य घोकत होती. त्याला मिळालं नाही. त्याला मिळालं नाही.

"न्हाय," ती म्हणाली. "तसं नको लिवू."

पराग उठून उभा राहिला. "आई, अगं बूट नाही मिळालेत! उद्या जानूकाकांच्या हातावर काय ठेवणार आहेस?"

तिने हातानेच त्याला बस म्हणून सांगितलं.

"मग पार्सल मिळालं असं धरून तक्रार बंद करू, मॅडम?"

"कर बाय. मिळालं."

"धन्यवाद, मॅडम. बुटांचं माप बरोबर आलं ना सरांना?"

"घालूनच फिराया गेलेत," सुगंधा म्हणाली. "आले की इचारून सांगते."