वजिराला पाय लागला

डहाणू रोडच्या हॉलमध्ये जाजमावर बुद्धिबळाचे पट मांडले होते. शेवटचा डाव निदान बरोबरीत सुटला, तरी नवशी जिल्ह्याच्या संघात जाणार होती. फक्त राजाशेजारचा वजीर हलवायचा नव्हता. तो हलला की मात. मुंग्या आलेला पाय तिने सरकवला आणि अंगठा वजिरालाच लागला. लहानपणापासूनच्या सवयीने तिने वजिराला बोटं लावून कपाळाला टेकवली. "हात लावला की चाल, ताई!" समोर बसलेले तलासरीचे उमेश सर हसले. "आता वजीरच हलवा." "अहो, पाया पडली ती!" मागून कोणीतरी ओरडलं. पंच वाकले. "चुकून हात लागला असेल, तर सोडून देऊ. चुकूनच ना?" नुसतं हो म्हटलं की सुटका होती, पण नवशीची जीभ रेटेना. "चुकून पाय लागला, साहेब," ती हळूच म्हणाली, "हात नाही." आणि तिने वजीर उचलला.