मुशीचं तेल

शेवंतीने डोक्यावरची रिकामी पाटी दारापुढच्या खळ्यात आपटली, तरी बाबूने मान वर केली नाही. तो मोटरसायकलच्या पोटात हात घालून बसला होता. शेजारी केळीच्या पानावर सगळे स्क्रू मांडलेले, श्राद्धाचं पान वाढावं तसे.

"जेवलात?" तिने विचारलं.

"थांब गो. डायनामो उघडलो आसा."

डायनामो! गेला महिनाभर तिचा नवरा हा एकच शब्द जेवत होता. पलटणीतून निघालेली ही जुनी मोटरसायकल घ्यायला त्याने होडी विकली. बापाची होडी, चांगली धडधाकट. आणि विकली कुणाला, तर शेजारच्या भिकाजीला. आता शेवंती रोज सकाळी रेतीवर भिकाजीपुढे बसून आपल्याच होडीतून उतरलेले पेडवे-बांगडे विकत घेत होती. आणि हा राजा म्हणे भल्या पहाटे मासळी कणकवलीच्या बाजारात पोचवणार, एसटीच्या आधी! दिवाच लागत नव्हता, तर पहाटे जाणार कसा? उजाडेपर्यंत थांबायचं, तोवर मासळी मऊ. एकदा तशीच घेऊन गेला, तर बाजारातली कुत्रीसुद्धा हुंगून मागे फिरली.

भिकाजीने आज दुपारी बाबूला शेवटचं सांगितलं होतं, "सांजेक दिवो लागलो तर उद्याच्या पाट्यो तुझ्यो. नाय तर माका दुसरो माणूस बघूचो लागतलो."

दिवा घालवला तो बाबूनेच. खाऱ्या वाऱ्यावर इथे औषध एकच, होडीला चोपडतात ते मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. ते त्याने डायनामोच्या पोटातही ओतलं. वाटीभर, मायेने! आत फिरणाऱ्या तांब्याच्या कड्याला टेकून वीज घेणारे कोळशाचे दोन तुकडे असतात. ते तेलाने चिकटले, ठिणग्या उडवत झिजले आणि संपले. मुंबईला गॅरेजात असलेला मावसभाऊ लवू हे ऐकून पोट धरून हसला म्हणे. हसून झाल्यावर त्यानेच हंगामाच्या पहिल्या आगबोटीने नवे तुकडे धाडले.

बाबूने चिंधीवर पेट्रोल घेऊन तांबं पुसलं, पॉलिश पेपराने घासलं. मग पुडी सोडली. आत शेंगदाण्याएवढे दोन काळे तुकडे.

"हेच ते?" शेवंतीने वाकून पाहिलं.

"हेच. कार्बन."

"कोळसोच मा? माका सांगूचा व्हता. चुलीत पाटीभर पडलो आसा."

"तुका काय कळता गो! गप ऱ्हव."

"होडयेक कधी मुंबयसून कोळसो हाडूक लागलो नाय."

"होडी, होडी!" बाबूने पान्हा खाली टाकला. "बापूस माझो त्या होडयेत वल्ही मारून मारून मेलो. मी पण तसोच मरू?"

"नाय, नाय. तुमी आपले ढकला."

बाबूने तुकडे खोबणीत बसवले, वरून स्प्रिंगा दाबल्या, झाकण लावलं. माडांत काळोख उतरायला लागला होता. तो लाथा मारत राहिला, घामाघूम झाला. शेवंती दारात कमरेवर हात ठेवून बघत होती. हसू तिने दाबलं नाही. पण पदराचं टोक मात्र ती बोटाला घट्ट गुंडाळत होती, कारण उद्याची चूल त्या दोन तुकड्यांवरच होती.

इंजिन धडधडलं. बाबूने मूठ पिळली. दिवा आधी तांबूस झाला, मग पिवळा, आणि एकदम लख्ख.

"बघ! बघ गो, लागलो दिवो!" तो पोरासारखा ओरडला.

उजेड खळं ओलांडून माडांच्या बुंध्यांमधून सरळ रेतीवर गेला. तिथे होडी होती. भिकाजीने नुकतंच तेल चोपडलं होतं. नाळेपासून सुकाणापर्यंत ती नव्या नवरीसारखी चकाकत होती.

बाबूची मूठ सैल पडली. दिवा पुन्हा तांबूस झाला, होडी काळोखात जायला लागली.

"सोडू नकात," शेवंती म्हणाली. "पिळा आजून. आता कसा बरा दिसता, काय विकलात ता."