धबधब्याची लेव्हल

पडद्यावरची गाडी वळणावर घसरली तसा नितेशच्या हातातला रिमोट थरथरला. तो हातांकडे पाहतच राहिला.

"रस्ता हातात जाणवतो," तो म्हणाला. "माझ्याकडेही हेच मशीन आहे. रविवारी तासभर खेळतो, पण दर वेळी नवल वाटतं. ओल्या रस्त्यावर वेगळं, खडीवर वेगळं. बनवणाऱ्याला मानलं पाहिजे."

दामिनीने मान हलवली. मशीन तिच्या भावाचं, अनुपचं होतं. शेंदूरजनाघाटची मंडळी मुलगी पाहायला अकोल्याला आली होती. मोठी माणसं बाहेर चहा घेत बसली होती. या दोघांना एकमेकांशी बोलायला म्हणून आतल्या खोलीत पाठवलं होतं, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून दोघं गाड्या पळवत होते.

"मला पुढच्या महिन्यात बंगळूरला जायचं आहे," दामिनी पडद्याकडे बघत म्हणाली. "दोन वर्षं, शिकायला. लग्न त्यानंतर."

"जा ना. मी थांबेन."

"मागचा मुलगाही हेच म्हणाला होता. घरी पोचल्यावर त्याच्या वडिलांचा फोन आला, आता आणखी शिकून काय करायचं."

नितेशने पडद्याकडे पाहिलं. त्याची गाडी शर्यत संपवून उभी होती. दामिनीची अजून अर्ध्या वाटेत होती. पडद्याचे दोन भाग होते, एकात तो, एकात ती.

"हे एक बरं केलं यांनी," तो म्हणाला. "ज्याचा त्याचा पडदा. कोणाला कोणासाठी थांबावं लागत नाही."

"मग सोबत खेळलो कशाला?"

तिने रिमोट ठेवला आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक प्लास्टिकची पिशवी ओढली. आत जुना टीव्ही गेम होता. पांढऱ्याचा पिवळा झालेला, दोन रिमोट स्वतःच्याच वायरीत गुंडाळलेले, वर एक कॅसेट. तिने टीव्हीच्या मागे पिना लावल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि अंगठ्याने ती खाली दाबली. पडदा एकदा लुकलुकला. मग टिणटिण वाजत दोन शिपाई उभे राहिले.

"अरे बाप्पा!" नितेश सरळ जमिनीवर येऊन बसला. आतापर्यंतची जपून बोललेली मराठी एका क्षणात गेली. "चालते हा अजून?"

"दोनदा माळ्यावरून पडला. तरी चालते. याले अपडेट बी लागत नाही."

"एक फुली अन् दोन बटणं. एवढ्याशा सामानात यायनं अख्खं जंगल बसवलं पाहा. तो नवीन मोठा आहेच, पण हा म्हणजे…" त्याने रिमोटवरून अंगठा फिरवला.

दुसऱ्या रिमोटला खेळ सुरू करायचं बटण नसतं. त्याने तोच उचलला होता.

जंगल सहज पार झालं. पुढे धबधबा आला. इथे दगडावरून दगडावर उड्या मारत वर चढायचं असतं. पडदा दोघांचा एकच. एक जण वर चढला की पडदाही त्याच्यासोबत वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो.

नितेशने तीन उड्या मारल्या.

"गेली मी," दामिनी म्हणाली.

"अरे! मले दिसलंच नाही."

"दिसत होतं. तुमी पायलं नाही."

नितेशचे कान लाल झाले. "एकट्यानं खेळायची सवय आहे," तो हळूच म्हणाला.

तिचा शिपाई पुन्हा आला. तिची उडी चुकली, ती खालच्याच दगडावर राहिली. या वेळी नितेश वरच्या दगडावर थांबला. वरून एक मोठा गोटा गडगडत येत होता. वर एक उडी मारली असती तर तो वाचला असता, पण ती पडद्याबाहेर गेली असती. त्याने खाली तिच्याकडे पाहिलं आणि जागेवरच आडवा झाला. गोटा त्याच्यावरून गेला.

"मेलो, बाप्पा!" तो हसला. पुन्हा आला, पुन्हा तिच्यासाठी थांबला, पुन्हा मेला. तो त्याचा शेवटचा जीव होता.

बाहेरून त्याच्या वडिलांचा, उत्तमरावांचा आवाज आला, "नितेश, आटपा आता. लांब जायचं आहे."

नितेशने रिमोट मांडीवर ठेवला. "तुमी जा वर," तो म्हणाला. "मी पायतो."

आणि तो खरोखरच पाहू लागला. गुडघ्यांवर पुढे सरकून, स्वतः खेळत असल्यासारखा. "तो गोटा जाऊ द्या… जाऊ द्या… हां, आता मारा!" ती एकेक दगड चढली तसा त्याचा चेहरा फुलत गेला.

चार दगड चढून दामिनी थांबली.

"लाल बटण दाबा," ती म्हणाली.

"कावून?"

"माझ्यातला एक जीव तुमाले मिळते."

"तुमाले कमी पडन ना."

"दाबा म्हणलं ना."

त्याने बटण दाबलं. त्याचा लाल शिपाई वरून टपकन तिच्या निळ्या शिपायाशेजारी उतरला.

दार उघडलं. मैनाबाई, दामिनीची आई, आत डोकावल्या. दामिनीने खेळ थांबवला. धबधबा होता तिथेच थबकला. एका दगडावर अंगठ्याएवढी दोन माणसं उभी राहिली.

"झालं का वं तुमचं बोलणं? पाव्हणे उठून राहिले."

"त्यायले बसव, आई," दामिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "अन् चहा टाक अजून. आमाले वर जायले टाइम लागन."