शेजारचा सर्व्हर

"तुझा सर्व्हर शेजारी खुशाल ठेव, पण माझ्या मेलला हात लावायचा नाही," असं कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या चिटणीस साहेबांनी वैजयंतीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि आता तिला त्यांच्याचकडे जावं लागलं.

पुण्याच्या कंपनीने कुडाळचा कारखाना विकत घेतला, पण तिथल्या लोकांना कंपनीचे ईमेल पत्ते काही मिळाले नव्हते. सुट्टीची सूचनासुद्धा त्यांना सुट्टी उलटून गेल्यावर कळायची. म्हणून तिने आपल्या सर्व्हरवर मेलिंग लिस्ट उभारली. एका पत्त्यावर लिहिलं की पुण्यात आणि कुडाळात, सगळ्यांना पोचावं. कुडाळात लोकांच्या खासगी पत्त्यांवर पोचत होतं. पुण्याचा मेल सर्व्हर मात्र तिचा चाचणीचा प्रत्येक मेल परत पाठवत होता.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन न्याहाळला. "त्याचं बरोबर आहे. बाहेरून कोणी आपलं नाव लावून आलं तर दारातच अडवायचं, हे मीच शिकवलंय त्याला."

वैजयंतीही कुडाळच्या कारखान्यातूनच आली होती.

साहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कीबोर्ड पुढे ओढला आणि ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीत तिच्या सर्व्हरचा पत्ता घातला. मग लिस्टवरचा पहिला मेल स्वतःच लिहिला. "आपल्या सगळ्यांना नमस्कार. सोमवारी कंपनीला सुट्टी आहे."

चहा येईपर्यंत कुडाळच्या स्टोअरकीपर पेडणेकरांचं उत्तर आलं. "साहेब, त्या सगळ्यांत आम्हीपण आलो ना?"

साहेबांनी एकच शब्द टाइप केला आणि तो दोन्हीकडे पोचला.

"आलात."