मधल्या दाराच्या दोन खोल्या

"दोन खोल्या हव्यात. मधे दार असलेल्या," म्हातारा म्हणाला. "दार नसेल तर राहू द्या."

कोगी पेरुमलने आपल्या तिकिटांच्या दुकानातल्या संगणकावर जहाजाचा नकाशा उघडला. डर्बनहून निघायचं, मोझांबिकसमोरच्या बेटावर एक दिवस थांबायचं आणि चौथ्या दिवशी सकाळी परत. सुट्टीत या सहलीची तिकिटं हातोहात संपतात. "कोण कोण आहात, बाबा?"

"एका खोलीत माझी बायको आणि दोघं मुलगे. दुसरीत मी आणि नोक्वाझी. माझी धाकटी. सतरा वर्षांची."

म्थियाने आडनावाच्या त्या म्हाताऱ्याचा कोट कडक इस्त्रीचा होता. शेजारी बायको बसली होती आणि मांडीवरचा रुमाल सारखा पिळत होती.

"मुलीला आईच्या खोलीत द्या की," कोगी हसत म्हणाली. "माझे वडील इतके घोरायचे, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं."

कुणीही हसलं नाही.

"ती माझ्याबरोबरच राहील," म्हातारा म्हणाला. "जाताना तिचा पलंग रिकामा असेल. येताना ती असेल."

कोगीची बोटं थांबली. "म्हणजे ती बेटावर चढणार? असं चालत नाही, बाबा. पासपोर्ट आहे तिचा?"

"नाही."

"मग तिला घेणार नाहीत जहाजावर."

"ते माझं मी बघतो. तुम्ही फक्त तिच्या नावाचं तिकीट काढा. भाडं पूर्ण घ्या. नाव छापलेलं हवं."

बायको त्याच्याकडे वळली. "अहो, सांगा ना त्यांना खरं काय ते."

"दोन ठिकाणी सांगितलं. काय झालं? दोघांनी दाराकडे बोट दाखवलं." तो पुन्हा कोगीकडे पाहू लागला. "अजून एक लिहून घ्या. माझ्या खोलीत साफसफाईला कुणी यायचं नाही. आणि परतीच्या वाटेवर मी कुणाशी बोलणार नाही. काही विचारायचं असलं तर हिला विचारायचं."

"आणि मधलं दार कशासाठी?"

"तिला गर्दीतून फार फिरवायचं नाही. एकदा हातची सुटली तर पुन्हा सापडायची नाही."

दोन वर्षांपूर्वी डर्बनच्या चॅट्सवर्थ वस्तीतून कोगीच्या मामेबहिणीची मुलगी पाव आणायला म्हणून गेली होती. ती अजून घरी आलेली नव्हती.

"तिला यायचंय का पण?" कोगीने जमेल तितक्या सहज विचारलं.

बायकोने रुमाल तोंडाला लावला. "नाही आली तर काय करायचं हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"येईल. माझं ऐकते ती. येईपर्यंत बोलावीन."

कोगीने तिकीट काढून दिलं. नाही म्हटलं असतं तर म्हातारा चौथ्या दुकानात गेला असता, आणि मग त्या पोरीचा माग कुणालाच लागला नसता. तो रस्त्यापलीकडे जाईपर्यंत ती काचेतून बघत राहिली. मग तिने बंदरावरच्या पोलिसांना फोन लावला.

"बरं केलंत," सार्जंट झुंगू म्हणाला. "जाताना चौघंच आहेत, तोवर धरण्यासारखं काही नाही. येताना बघू. आता तोंडाला कुलूप लावा."

जहाज सुटलं त्या दिवसापासून कोगीला अन्न गोड लागेना. म्हातारा दुसऱ्याच बंदरात उतरला तर? मुलगी वाटेतच ओरडली तर? पोलिसांना कळवलं खरं, पण पलंग तिनेच दिला होता, दारही तिनेच शोधून दिलं होतं. पोरीला काही झालं तर तोंड कुठे लपवणार?

चौथ्या दिवशी सकाळी जहाज लागलं. म्हाताऱ्याची ओळख पटवायला झुंगूने तिला बरोबर घेतलं. पहिल्या खोलीचं दार वाजवल्यावर मोठ्या मुलाने उघडलं. धाकटा मधल्या दाराला पाठ लावून उभा होता.

"आत कोण आहे?" झुंगूने विचारलं.

"वडील."

"आणि?"

मुलांनी आईकडे पाहिलं. "साहेब, थोडं थांबा," ती हात जोडून म्हणाली. "ते तिला उठवतायत."

पलीकडून म्हाताऱ्याचा हळू आवाज आला. "नोक्वाझी, ऊठ. जहाज लागलं. आता खाली उतरायचंय. माझा हात सोडू नकोस."

कोगीने कान देऊन ऐकलं. रडण्याचा नाही, हुंदक्याचा नाही, कसलाच आवाज नव्हता. पोरीला काहीतरी पाजून निजवलंय, असं तिच्या मनात आलं. मग तिला राहवेना. तिने धाकट्याला बाजूला ढकललं आणि मधलं दार लोटलं.

म्हातारा पलंगाच्या कडेला बसला होता. पलंगावर नवी कोरी चादर होती, उशाशी नाव छापलेलं तिकीट होतं. उशीवर डोकं नव्हतं. तिथे एक काटेरी, हिरव्या पानांची फांदी नीट आडवी ठेवली होती, आणि तिला अर्ध्यापर्यंत पांघरूण घातलं होतं.

फांदी ओळखताच झुंगूने टोपी काढली. तो भिंतीशी सरकला आणि मागे वळून आईला हलकेच म्हणाला, "कधी गेली, आई?"

"गेल्या डिसेंबरात. बेटासमोर बुडाली. देह आणला, घरामागे पुरला. ती मात्र तिथेच राहिली होती, साहेब. रोज यांच्या स्वप्नात यायची, भिजलेली. आता या फांदीवरून तिचा आत्मा घरी नेतोय."

म्हाताऱ्याने कुणाकडेच पाहिलं नाही. त्याने फांदी पांघरुणासकट उचलून छातीशी धरली आणि दाराशी उभ्या असलेल्या कोगीसमोर येऊन थांबला.

"घाबरू नकोस, बाळ," तो फांदीला म्हणाला. "तुझं तिकीट काढून दिलं ना, ती बाई हीच."